एकाच नावाचे दोघे

साहेब न वाचता सही करतात, यावरच बाईंची सगळी भिस्त होती.

चरित्रकोशाच्या कचेरीत त्या अकरा वर्षं नोंदी लिहीत होत्या. हयात माणसाची नोंद छापण्याआधी तिच्या तीन प्रतींवर त्याची सही घ्यायची आणि एकदा सही झाली की एक काना इकडचा तिकडे करायचा नाही, हा इथला नियम. तो साहेबांनीच अध्यक्ष झाल्या झाल्या केला होता. आज नोंद खुद्द साहेबांची होती आणि सहीसाठी ते नवा कोट चढवून जातीने आले होते.

"हे काय? माझ्या नावापुढे दोनचा आकडा?" त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं.

"एकाच नावाची माणसं जन्मसालाप्रमाणे लागतात, साहेब," बाई म्हणाल्या.

"मग एक नंबर कोण?"

"शाळामास्तर होते. कुंभार, सुतार, नावाडी यांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे."

"मास्तर!" साहेब हसले. "आमच्या नावाचा असा कोणी होऊन गेला, हे आम्हालाच ठाऊक नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण अकरा वर्षं गिळलं होतं, तिथे आणखी एक घोट काय जड. त्यांनी टोपण काढून पेन पुढे केलं. साहेबांनी तिन्ही कागदांवर झोकात सह्या ठोकल्या. दोन प्रती लगेच खाली छापखान्यात गेल्या.

साहेबांना घाई नव्हती. "बोलवा सगळ्यांना. आणि बाई, मोठ्याने वाचा. आपण कुणाच्या हाताखाली काम करतो, ते कळू दे लोकांना."

एवढं तर बाईंनी मागितलंही नव्हतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

टेबलाभोवती सात-आठ माणसं जमली. जन्म झाला, शिक्षण झालं, मंत्रिपद आणि समित्या झाल्या. साहेब डोळे मिटून डोलत होते. बाईंनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

"'लोकभाषेच्या शब्दसंग्रहाबद्दल त्यांना अकादमीचा सन्मान मिळाला. हा ग्रंथ त्यांचा नव्हे. तो याच नावाच्या, क्रमांक एकच्या अभ्यासकाने एकोणीस वर्षे खपून सिद्ध केला. नाव एकच असल्याने सन्मानाचे पत्र यांच्या बंगल्यावर गेले. यांनी ते परत केले नाही. समारंभात यांनी ग्रंथलेखनाच्या कष्टांवर चाळीस मिनिटे भाषण केले.'"

कोणीतरी खोकलं. साहेबांनी डोळे उघडले.

"हे खोडा."

संपादक चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. "पुरावे मी स्वतः तपासलेत, साहेब. आणि सही झाल्यावर... नियम आपलाच आहे."

साहेब बाईंकडे वळले. "त्या मास्तरने कधी तक्रार केली होती?"

"नाही. म्हणायचे, मोठा माणूस आहे, चूक लक्षात आली की स्वतःच कळवेल. दारात खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघायचे. गेले त्या सकाळीसुद्धा बघत होते."

"ते घरात काय म्हणायचे, ते तुम्हाला काय माहीत?" साहेबांचा आवाज एकदम खाली आला.

बाई सासरचं नाव लावत. त्यांचं माहेर कुठलं, हे या कचेरीत आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता साहेबांनीच विचारलं. "तुमच्या वडिलांचं नाव काय?"

बाईंनी ते सांगितलं, आडनावासकट, खणखणीत. साहेबांचंच नाव होतं ते, पण त्यांनी मान वर केली नाही.