मुकी खेळणी

दीड वर्षाच्या नातीला एका जागी रमवायची किमया सासऱ्यांनाच साधली होती. वाट्या, चमचे, डब्यांची झाकणं पुढ्यात ओतली, की ठमी तास न् तास वाजवत बसायची आणि ते शेजारच्या खुर्चीत निवांत. फक्त त्या खणखणाटानं, घरूनच कंपनीच्या तक्रारींचे फोन घेणाऱ्या सुनेचं डोकं उठायचं. पलीकडून कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, हॉटेलातून बोलताय का?"

तिनं कापडी ठोकळे आणले, तर जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले सासरे चक्क चिडले. "असली मुकी खेळणी काय कामाची? लेकरू खेळतंय हे कळायला नको?" ठोकळे माळ्यावर गेले.

आज मात्र तिचे साहेब स्वतः फोन ऐकणार होते. सासरे आंघोळीहून यायच्या आत तिनं भांडी उचलली, ठमीपुढे ठोकळे मांडले आणि खोलीचं दार ओढून घेतलं. घर कसं चिडीचूप! एवढं सोपं होतं तर, ती मनाशी म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांचा चिरकलेला आवाज आला. "सूनबाई, धाव! ठमी कुठे गेली? बाहेरचं दार उघडं राहिलं का गं?"

फोन तसाच टाकून ती धावली आणि उंबऱ्यातच थिजली. सासरे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी फरशी चाचपत होते. आणि ठमी त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, खिडकीच्या लख्ख उजेडात, चौथ्या ठोकळ्यावर पाचवा ठेवत होती.