मोकळा तास

ती उठून फळ्यापाशी आली तशी मागच्या बाकांवरची कुजबुज फुंकर मारल्यासारखी विझली.

स्वातंत्र्य-अभ्यास केंद्राचा मोकळा तास साऱ्या विद्यापीठात नावाजलेला. ज्याला वाटेल त्यानं उठावं, पोटात असेल ते ओठांवर आणावं. बोलणाऱ्याला अडवायचं नाही आणि नंतर उत्तरही द्यायचं नाही. उत्तर आलं की धाक आला, धाक आला की स्वातंत्र्य गेलं, असं सर म्हणत. बोलणं संपलं की ते कसं झालं यावर वर्गानं चर्चा करायची आणि सरांनी गुण द्यायचे.

सर केंद्राचे प्रमुख, आणि शिस्त समितीचे अध्यक्षही तेच. तिच्या धाकट्या भावाचं नाव विद्यापीठातून काढून टाकायच्या आदेशावर आज संध्याकाळी त्यांची सही व्हायची होती. आठवडाभर ती त्यांच्या दाराशी खेटे घालत होती. शिपाई रोज तेच सांगे, "ताई, समितीच्या कामाबद्दल सर कुणाला भेटत नाहीत. वशिला होतो म्हणतात." म्हणून ती इथं उभी होती. इथून तिला कुणी हाकलणार नव्हतं.

"माझा भाऊ पहिल्या वर्षाला आहे," ती म्हणाली. "सरांच्या व्याख्यानात प्रश्नांची वेळ संपली होती, तरी तो उठला. वसतिगृहाच्या दाराला रात्री बाहेरून कडी का लावता, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याच्या खोलीतला मुलगा रात्रभर तापानं फणफणत होता. दार बडवून बडवून ह्याचे हात सुजले, पण कुणी उघडलं नाही. व्याख्यानात दोघांनी ह्याचे दंड धरले, त्या ओढाताणीत माइक पडला. म्हणतात, ह्यानं फोडला."

ती सरांकडे वळली.

"आई गेली तेव्हा हा एवढासा होता." तिचा हात आपसूक कमरेखाली गेला आणि एका अदृश्य डोक्यावर थांबला. आवाज तिथं चिरला. "अडलं तर विचारावं, विचारायला लाजू नये, हे मीच शिकवलं त्याला. चूक माझी आहे. सर, त्याला काढू नका. तो माफी मागेल. मी पाया पडते."

सरांनी चष्मा काढून डोळे टिपले. ते तिनं पाहिलं, आणि कोरड्या विहिरीत कुठंतरी झरा फुटल्यासारखं तिला वाटलं.

"छान," सर वर्गाकडे वळले. "बोला."

पहिल्या बाकावर बसणाऱ्याला सगळे वकील म्हणत. तो म्हणाला, "कडीचा मुद्दा आधी यायला हवा होता. भाऊ नंतर आला असता तर जास्त लागला असता."

"माफीपाशी सगळं सैल पडलं," खिडकीजवळची मुलगी म्हणाली. "मोकळा माणूस माफी कशाला मागेल?"

"आणि पाया पडणं तर गाळाच. नाटक कंपनी वाटते," मागून कुणीतरी म्हणालं.

थोडा हशा पिकला. रोज तिच्या शेजारी बसून तिच्याच डब्यातलं खाणारी मैत्रीण नखं बघत राहिली.

तास सुटल्यावर तिनं सरांना दारातच गाठलं. "सर, संध्याकाळची ती सही..."

"तास संपला ना, बाळ," सर मायेनं म्हणाले. "आता बोललीस तर तो वशिला होईल."

"मग आत बोलले, ते?"

"ते अप्रतिम होतं. सगळ्यात जास्त गुण दिलेत. पण त्याला उत्तर द्यायचं नसतं, हे तुला मी सांगायला हवं?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या पाहुणे येताहेत, आपला तास बघायला. हेच बोल. पाया पडणं काढ, पण हात खाली नेऊन उंची दाखवलीस ना, ते राहू दे. आवाजही तिथंच चिरू दे."

"उद्या तो इथला राहिलेला नसेल, सर."

सरांनी क्षणभर विचार केला. "मग 'काढू नका'च्या जागी 'काढलं' कर. उलट जास्त भिडेल. त्यालाही आण. पहिल्या रांगेत बसव."

"मी बोलले, तर त्याला परत घ्याल?"

सर हसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि जिना चढून गेले.

त्या बोटाचा अर्थ ती जिना उतरताना प्रत्येक पायरीवर लावत राहिली. बुडणाऱ्याला काडी लागते, तिला बोट पुरलं.

खाली व्हरांड्यात भाऊ वळकटीवर बसला होता. वसतिगृहवाल्यांनी आदेशाचीही वाट पाहिली नव्हती. तिला बघून तो ताडकन उठला.

"ताई, काय म्हणाले?"

"उद्या तूही यायचंस. पहिल्या रांगेत बसायचं."

"मी काय बोलू?"

"तू काही बोलायचं नाहीस. नुसतं दिसायचं."

त्यानं मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी थोडं ऊन आलं. "मग ठेवून घेतील ना?"

तिनं त्याच्या कॉलरची धूळ झटकली. झटकून झाली तरी झटकत राहिली.

"माझं बोलणं संपलं की सगळे टाळ्या वाजवतील," ती म्हणाली. "तू वाजवू नकोस."