पाचपैकी एक

पाण्याच्या सरांनी पान बंद केलं, पुन्हा उघडलं. आकडा तोच होता. पाचपैकी एक. मागच्या सत्रातही एकच होता.

विद्यापीठ प्रत्येक सत्राच्या शेवटी सगळ्या कॉलेजांमधून हे सर्वेक्षण भरून घ्यायचं. हजारो मुलंमुली मोबाइलवर आपापल्या शिक्षकांना गुण द्यायची. नाव कुणाचंच कळायचं नाही. शिक्षक विषय नीट समजावतात का? एक. शंकांची उत्तरं देतात का? एक. वेळेवर येतात का? तिथेही एक, आणि हे मात्र सरांच्या जिव्हारी लागलं. कितीतरी सकाळी शिपायाच्या आधी येऊन त्यांनीच वर्गाचं कुलूप काढलं होतं. सूचनांचा रकाना सगळ्या वर्गाने कोरा सोडला होता.

सर नळ, पंप आणि वाहत्या पाण्याचं शास्त्र शिकवायचे, म्हणून मुलांनी त्यांना ‘पाण्याचे सर’ हे नाव ठेवलं होतं. गावाबाहेरचं ते लहानसं तंत्रशिक्षणाचं कॉलेज. सर करारावर होते.

पहिला ‘एक’ पडला तेव्हा ते खचले नव्हते. उलट पेटून उठले होते. पारदर्शक नळ्या आणून त्यांनी बाल्कनीत एक चौकट उभी केली, तीत रंगीत पाणी खेळवलं. नळी अरुंद झाली की पाणी कसं पळतं, रुंद झाली की कसं रेंगाळतं, ते डोळ्यांनी दिसायला हवं, हा त्यांचा हट्ट. बायको म्हणाली, “अहो, इथे भांड्यांना पाणी पुरेना, आणि तुम्ही ते रंगवत बसलाय!” पण चौकट गळायला लागली तेव्हा तिनेच पदर खोचून सांधे आवळून दिले. सातवीतल्या मुलीला समोर बसवून ते प्रत्येक धडा आधी घरी शिकवून बघत. तिला समजला तरच तो वर्गात जायचा.

वर्गात तर बसायला जागा उरायची नाही. दुसऱ्या तुकडीची पोरं येऊन खिडकीच्या कठड्यावर टेकायची. तास संपला तरी नळ्यांभोवतीचा घोळका हलायचा नाही. मग घोडं अडत होतं कुठे?

“तोंडावर गोड बोलत असतील,” दुसरा निकाल पाहून बायको म्हणाली. “मनातून पाण्यात पाहत असतील तुम्हाला.”

सर कसंनुसं हसले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यबाईंनी बोलावलं. पंख्याचा आवाज येत होता, आणि बाई बराच वेळ टेबलावरची पेनं सारखी करत होत्या.

“सलग दोनदा इतके कमी गुण आले की करार वाढत नाही. नियम माझा नाही, सर. वरून आलाय.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “तब्येतीच्या कारणाने सोडताय असं लिहू का? पुढे बरं पडेल.”

“नको. तब्येत ठणठणीत आहे माझी. मला फक्त एक तास द्या.”

“कशाला?”

“त्यांना विचारायचंय. उद्या दुसरीकडे शिकवीन ना मी. निदान तिथे तरी ही चूक होणार नाही.”

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “चला,” त्या म्हणाल्या, “मीही येते.”

बाई मागच्या बाकावर बसल्या. सरांनी आधी पंपाचा राहिलेला भाग पुरा केला. घाई केली नाही. एका मुलाने तीच शंका दोनदा विचारली, त्यांनी दोनदा उत्तर दिलं. फळा पुसला, हात झटकले, आणि मगच ते टेबलाच्या पुढे येऊन उभे राहिले.

“उद्यापासून मी नसेन,” ते म्हणाले. “सर्वेक्षणात तुम्ही दिलेल्या गुणांवरून माझा करार संपलाय. कुणी किती दिले ते मला नको आहे. रागही नाही. फक्त एवढंच सांगा, मी कमी कुठे पडलो?”

कुणी कुणाकडे बघेना.

“संपला म्हणजे?” खिडकीजवळचा एक मुलगा ताडकन उठला. “सर, तुम्ही जाणार? कमी गुण पडले की... की शिक्षकांना काढतात?”

“मग काय,” मागून प्राचार्यबाई म्हणाल्या, “हारतुरे घालतात?”

मुलगा मटकन खाली बसला. कुणीतरी पुटपुटलं, “मेलो!” पुढच्या बाकावरच्या दोघी हुंदके द्यायला लागल्या. सर गोंधळून एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिले. शेवटी वर्गप्रतिनिधी मुलगी उभी राहिली. तिची मान ताठ होती. पण सरांकडे बघायचं तिला धाडस होईना. ती मागे वळली आणि थेट प्राचार्यबाईंना म्हणाली,

“गेल्या वर्षी विजेच्या मॅडमना आम्ही पाचपैकी पाच दिले होते, बाई. महिन्याभरात विद्यापीठाने त्यांना मोठ्या कॉलेजात उचलून नेलं. सरांना कुणी नेऊ नये, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून एक दिला.”