सरस भिजेपर्यंत

“आधी सरस भिजत घालायचा. तो मऊ होईपर्यंत हातोड्याकडे बघायचंसुद्धा नाही.”

वडील गेले त्याला वीस वर्षं झाली होती. लाकूड जोडायचा सरस हल्ली डब्यातून तयारच मिळतो. तरी डॉक्टरांच्या खोलीत, भिंतीवरच्या उजेडात लावलेल्या एक्स-रेसमोर उभं राहिल्यावर मिस्त्रीला नेमका तोच आवाज आठवला.

डॉक्टर कंबरेचे मणके बघत होते. हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. त्याला चार महिने उलटले, तरी मिस्त्रीला ओणवं होऊन रंधा मारता येत नव्हता. वाकलं की उजव्या जांघेत कळ उठायची आणि मांडीपर्यंत उतरायची. हे दुखणं कंबरेचं असणार, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून हा फोटो.

“मणके झकास आहेत की तुमचे! पन्नाशीच्या माणसाचे वाटत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “थोडं मनाचंही असतं बरं का, मिस्त्री. दुखणार, दुखणार म्हणत वाकलं की दुखतंच.”

मिस्त्री मणके बघतच नव्हता. त्याची नजर खाली, उजव्या बाजूला होती. तिथे पांढरी, बारीक वेटोळी दिसत होती; बॉलपेनातल्या स्प्रिंगचे तुकडे पाडावेत तशी. त्याने मनातल्या मनात मोजली. सात.

“डॉक्टर, हे काय आहे?”

“ते होय? आत जाळी बसवलीय ना आपण, ती धरून ठेवायला.”

“खिळे?”

“खिळे कसले! टॅक म्हणतात त्यांना.”

“स्क्रू आहेत,” मिस्त्री म्हणाला. “आटे दिसताहेत.”

स्टुलावर बसलेली बायको उठून जवळ आली. पिशवीतून तिने ऑपरेशनचं कार्ड काढलं. “यात तर ग्लू लिहिलंय, डॉक्टरसाहेब. मी वाचून दाखवलं तर यांना कोण आनंद! माणसालाही सरस लावतात म्हणून आठ दिवस येईल-जाईल त्याला सांगत होते.”

डॉक्टरांनी कार्डावरून नजर फिरवली आणि परत दिलं. “ते आधीच छापलेलं असतं, ताई.”

बायको कार्ड तसंच हातात धरून उभी राहिली.

“हे बघा,” डॉक्टर जरा नरमले. “तो ग्लू गोठवून ठेवलेला असतो. आधी काढून कोमट करावा लागतो, मग वापरायचा. त्या दिवशी काढायचा राहिला. तुमच्यामागे आणखी चारजण ताटकळलेले. किती थांबणार?”

“किती थांबावं लागलं असतं?”

“वीस-पंचवीस मिनिटं.”

मिस्त्रीने मान हलवली. कामाचा माणूस दुसऱ्याच्या कामातली अडचण समजून घेतो, तशी.

“हे काढता येतील?”

“आत रुजलेत आता. पुन्हा उघडायचं, पुन्हा शोधायचं, आणि तरी दुखणं जाईलच असं नाही. गोळ्या देतो. हलकी कामं घेत जा. नाहीतरी आता हाताने रंधा मारतो कोण?”

मिस्त्रीने आपल्या हातांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, कागद पुढे सरकवला आणि ते एकदम खुलले. “बरं, आमचा पाळणा कुठवर आला? मुलीचे दिवस भरत आलेत. आणि आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना? एकही खिळा नको. तान्हं बाळ ते, बोचायला नको कुठे.”

ठरलं होतं खरं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, वॉर्डातल्या कॉटपाशी. तुम्हाला आत एकही खिळा मारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मीही तुमच्या पाळण्याला मारणार नाही, असं मिस्त्री म्हणाला होता. मग दोघेही हसले होते.

“लक्षात आहे,” मिस्त्री म्हणाला.

जिना उतरताना बायकोला राहवेना. “मारा चांगले सात! वरून रंग द्या झकास. कुणाला दिसतंय?”

“एक्स-रेत दिसतात,” तो म्हणाला.

“चेष्टा सुचतेय तुम्हाला! अहो, शब्द त्यांनी मोडला. मग तुम्हाला कसला धाक?”

तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत राहिला. उजवा पाय आधी, मग डावा.

दुपारी त्याने दुकानाचं दार उघडलं. पाळण्याच्या दोन्ही बाजू भिंतीला टेकून उभ्या होत्या. खाचा तासून झाल्या होत्या, जोडायचं तेवढं राहिलं होतं. बाकावर खिळ्यांचा डबा हाताशीच होता. तो त्याने उचलला आणि टाचा उंचावून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. कळ आली. फळी धरून तो ती जाईपर्यंत उभा राहिला. तयार सरसाचा डबा समोरच होता. त्यालाही त्याने हात लावला नाही.

मग खालच्या खणातून वडिलांची पितळी वाटी काढली, फडक्याने पुसली. पुडीतले सरसाचे खडे तिच्यात टाकले आणि ते बुडतील इतकंच पाणी ओतलं.

स्टूल ओढून, जांघेवर तळवा दाबून, तो ते मऊ व्हायची वाट बघत बसला.