सुतक

फुलचूरच्या नव्या बंगल्यात वास्तुपूजा चालली होती. भांडी घासायला आलेली रुख्मा कारंज्याजवळ थबकली. तिथे घोडेस्वार कोरलेला दगड होता, घोड्याचा कान तुटलेला. सासऱ्याला पुरलं तेव्हा उशाशी रोवलेला हा दगड दिवाळीआधी गावच्या मरघटातून चोरीला गेला होता. खरकटे हात पदराला पुसून तिने दगडावर ठेवले. “हाथ मत लगाना, बाई! अँटिक पीस है,” मालक ओरडला. “पीस नाही, माहा सासरा हाये. नव्या तांदळाचा पहिला घास यालेच देतो. हा नव्हता, म्हनून यंदा घरात कोनीच नवा भात खाल्ला नाही.” मालक हसला. “पत्थर को ससुर बोलती है!” “हसा!” रुख्मा कडाडली. “मरघटातलं मढं तुमी घरी आनलं, तं सुतकबी तुमचंच. होम इझवा आन् डोस्के भादरा!” मालक हसतच होता, आत भटजींनी पोथी मिटली.