गार राख

मंगळवारी सकाळी इद्रिसनं मांस-मसाल्यानं भरलेलं टांजियाचं मडकं लल्ला तामोच्या हमामाच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या, भट्टीवाल्याकडे दिलं. राखेत पुरून शिजवायला सांगितलं. म्हातारा घुटमळला, आत जाऊन मालकिणीला विचारून आला आणि म्हणाला, संध्याकाळी या.

मासा गळाला लागला होता. पाणीटंचाईमुळे सोमवार ते बुधवार सगळे हमाम बंद ठेवायचा हुकूम होता. ही बाई मात्र चोरून भट्टी पेटवते, असं इद्रिसचे सासरे, हाज बुशैब, महिनाभर त्याच्या कानीकपाळी ओरडत होते. पलीकडच्या गल्लीत त्यांचाही हमाम होता. "मी मुकाट्यानं कुलूप लावून बसतो, आणि ती मागच्या दारानं गिऱ्हाईक घेते," ते म्हणत. हमाम तपासणारा सरकारी निरीक्षक जावई गप्प कसा बसणार?

दिवसभर तो समोर चहा पीत बसला. धूर काही दिसेना, तसा त्याचा संशय आणखी बळावला. बाई पक्की होती.

संध्याकाळी मडकं हाती आलं, चटका बसेल इतकं गरम. मांस बोटानं सुटत होतं. त्यानं ओळखपत्र काढलं, दोन दुकानदारांना साक्षीला बोलावलं आणि उभ्या उभ्या पंचनामा लिहून त्यांच्या सह्या घेतल्या. ज्या अर्थी मांस शिजलं, त्या अर्थी भट्टी पेटली. आता हमामाला कायमचं सील लागणार होतं.

लल्ला तामो दारात आली. "विहीर माझी, भिंती माझ्या, लाकूड माझं. आणि पाणी कधी तापवायचं ते तुम्ही ठरवणार. नाही पटत मला."

"पटत नाही म्हणून हुकूम मोडायचा?"

"सही करते मी. आधी राखेत हात घाला."

इद्रिसनं भट्टीत बिचकत हात घातला. कोपरापर्यंत राख गार होती. साक्षीदार एकमेकांकडे बघू लागले.

"मग हे शिजलं कुठं?"

"दारी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? जिथं मंगळवारी भट्टी पेटते, तिथं मागच्या बोळातून पाठवलं." तिनं पंचनाम्यावर बोट ठेवलं. "पत्ता तेवढा दुरुस्त करा, साहेब. हाज बुशैब यांचा हमाम, मागचं दार."