फाटकावरचा रामजन्म

"दाजी, बंदुकीतल्या गोळ्या काढा, मगच आत सोडते," अभयारण्याच्या फाटकावर वनरक्षक मेश्रामबाईंनी बजावलं.

"अन् अस्वल आलं तर? मी गोळ्या भरेपर्यंत ते रामराम घालत उभं राहील का?" बुवांच्या सोबतीला निघालेल्या इंगळेदाजींनी परवाना फडकावला.

वाद काही मिटेना. जंगलातल्या राममंदिरात कीर्तनाला निघालेले बुवा कासावीस झाले. "अहो, बारा वाजत आले! रामजन्म काय तुमच्यासाठी खोळंबणार आहे?" असं म्हणत त्यांनी बरोबर आणलेला पाळणा फाटकाच्या आडव्या दांड्यालाच बांधला आणि तिथंच कीर्तनाला उभे राहिले. जन्म झाला, गुलाल उधळला. मेश्रामबाई पाळण्याची दोरी ओढू लागल्या आणि मागची भजनी मंडळी मोकळ्या गळ्यानं पाळणा गाऊ लागली.

तेवढ्यात झाडीतून खरंच अस्वल बाहेर आलं. दाजींनी भरलेली बंदूक रोखली.

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं. "दाजी, आवाज नको! बाळ आत्ताच झोपलंय."

दाजींनी जीभ चावली, बंदूक खाली केली आणि अस्वलाला हातानंच खुणावलं, जरा हळू जा.